हाती आलेली आणि हातून सुटलेली संधी : पंडित माधवराव सप्रे

रायपूरच्या बुढापारा भागातील सप्रे शाळेचे मैदान ठाऊक नाही, असा रायपूरकर विरळाच. शहरातील लाखेनगर हा भागही तितकाच परिचित. रोजच्या बोलण्यात ही नावे इतकी रुळली आहेत की त्यांमागील माणसे सहसा आठवत नाहीत. माधवराव सप्रे आणि वामन बळीराम लाखे हे दोघे मराठी भाषक स्नेही होते आणि छत्तीसगडच्या सार्वजनिक जीवनाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. त्यांतील माधवरावांचे चरित्र एका विशेष कारणासाठी पुन्हा पाहण्यासारखे आहे. जीवनात आलेली संधी केव्हा घ्यावी, केव्हा नाकारावी आणि हातून निसटली तर पुढे काय करावे, या तिन्ही प्रश्नांना त्यांना प्रत्यक्ष सामोरे जावे लागले.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. प्राथमिक शिक्षण बिलासपुरात झाले आणि मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण रायपूरच्या सरकारी शाळेत. घरी मराठी आणि भोवताली हिंदी व छत्तीसगढी, अशा वातावरणात ते वाढले. पुढील शिक्षण सलग झाले नाही. जबलपूर, ग्वाल्हेर, अलाहाबाद असे मुक्काम करीत अखेर कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. पदवी त्यांनी मिळविली. त्या काळी या भागात पदवीधर मोजकेच असत आणि पदवीधराला सरकारी नोकरीचे दार सहज उघडे असे. माधवरावांपुढेही तहसीलदारीची संधी चालून आली. घरची स्थिती ओढगस्तीची असताना मान, वेतन आणि निवृत्तिवेतन देणारे हे पद नाकारणे म्हणजे आप्तेष्टांच्या दृष्टीने दारी आलेल्या लक्ष्मीला परत पाठविणे होते. माधवरावांनी ते नाकारले. परक्या सरकारची चाकरी करायची नाही, हा त्यांचा निश्चय झाला होता.

नोकरी नाकारून माधवराव स्वस्थ बसले नाहीत. पेंड्रा येथील राजकुमारांचे शिक्षक म्हणून काम करीत त्यांनी वृत्तपत्राची सिद्धता चालविली आणि जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. छत्तीसगडमधील पत्रकारितेचा आरंभ या मासिकापासून मानला जातो. रामराव चिंचोलकर हे संपादनातील सहकारी होते, तर वामनराव लाखे यांनी व्यवस्थेचा आणि खर्चाचा भार उचलला होता. तीन मराठी तरुणांनी हिंदी प्रदेशात, हिंदी वाचकांसाठी, पेंड्र्यासारख्या आडवळणाच्या ठिकाणाहून मासिक काढावे, हे धाडसच होते. मासिक प्रथम रायपुरात आणि नंतर नागपूरला छापले जाई. ग्रंथांचे साक्षेपी परीक्षण हे त्याचे वैशिष्ट्य होते. लेखकाच्या नावाकडे न पाहता पुस्तकाचे गुणदोष सांगण्याची शिस्त हिंदीत रुजविण्यात या मासिकाचा वाटा मोठा आहे.

याच मासिकात १९०१ साली माधवरावांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटीशी कथा प्रसिद्ध झाली. अनेक अभ्यासक तिला हिंदीतील पहिली कथा मानतात. एक जमीनदार अनाथ विधवेची झोपडी बळकावतो. चूल घालण्यासाठी त्या झोपडीतील टोपलीभर माती ती मागून घेते आणि टोपली उचलण्यास हात लावण्याची विनंती त्यालाच करते. टोपली त्याच्याने उचलत नाही. एका टोपलीचा भार पेलत नाही, तर साऱ्या जमिनीचा भार जन्मभर कसा पेलाल, असे ती विचारते. जमीनदाराचे डोळे उघडतात आणि तो झोपडी परत करतो. चूक उमगल्यावर ती सुधारण्यास उशीर झालेला नसतो, हे या कथेचे सार. लेखकाच्याच आयुष्यात त्याची कसोटी लवकरच लागणार होती.

ग्राहकांचा तुटवडा आणि वाढता तोटा यांमुळे १९०२ च्या अखेरीस ‘छत्तीसगढ़ मित्र’ बंद पडले. माधवराव नागपूरला गेले आणि प्रकाशनाच्या कामात गुंतले. लोकमान्य टिळकांचे विचार हिंदी वाचकांपर्यंत पोहोचावेत, या ध्यासातून १३ एप्रिल १९०७ रोजी त्यांनी ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक सुरू केले. पुण्याच्या ‘केसरी’तील विचार उत्तरेकडे हिंदीतून जाऊ लागले आणि सरकारची वक्र दृष्टी वळण्यास वेळ लागला नाही. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पुढे बरोबर महिन्याने, २२ ऑगस्ट रोजी, राजद्रोहाच्या १२४ अ कलमाखाली माधवरावांना अटक झाली.

येथे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग आला. वडील बंधूंना धाकट्या भावाचा तुरुंगवास सहन होईना. सुटकेसाठी सरकारची क्षमा मागावी, म्हणून त्यांनी पराकाष्ठेचा आग्रह धरला आणि आपल्या प्राणांचीही भीती घातली. पितृतुल्य भावाच्या शब्दापुढे माधवराव नमले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्षमापत्र देऊन ते बाहेर आले. ज्यांच्या विचारांसाठी त्यांनी लेखणी हाती धरली होती, ते टिळक मंडालेच्या तुरुंगात होते आणि माधवराव घरी. देशासाठी बंदिवास पत्करण्याची संधी हातची गेली होती. लोकांनी निंदा केली, पण त्यांचे स्वतःचे मन त्यांना त्याहून अधिक टोचत होते.

त्यांनी या कृतीचे समर्थन केले नाही आणि भावावर दोषही ढकलला नाही. सार्वजनिक जीवनातून ते दूर झाले. वर्ध्याजवळील हनुमानगड येथे रामदासी संप्रदायातील श्रीधर विष्णु परांजपे यांच्या सान्निध्यात ते राहिले. मधुकरी मागून निर्वाह करावा आणि दासबोधाचे परिशीलन करावे, असा त्यांचा दिनक्रम होता. या एकान्तातून ते निराश होऊन परतले नाहीत, एक नवे कार्य घेऊन परतले. समर्थांचा ‘दासबोध’ त्यांनी हिंदीत आणला. टिळकांनी मंडालेच्या कोठडीत लिहिलेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ १९१५ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाला आणि दुसऱ्याच वर्षी माधवरावांचा हिंदी अनुवाद वाचकांच्या हाती पडला. चिंतामण विनायक वैद्य यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचा ‘महाभारत मीमांसा’ हा अनुवादही त्यांचाच. ज्याला गुरूसमवेत तुरुंगात राहता आले नाही, त्याने गुरूचा तुरुंगातील ग्रंथ हिंदी भाषकांच्या घरोघरी नेला. प्रायश्चित्त म्हणून याहून फलदायी काय असू शकते?

रायपुरात परतल्यावर त्यांनी रामदासी मठ स्थापिला आणि मुलींच्या शिक्षणासाठी जानकीदेवी महिला पाठशाळा काढली. १९२० मध्ये जबलपूरहून ‘कर्मवीर’ साप्ताहिक निघाले, त्यामागे त्यांची प्रेरणा होती. मात्र संपादकपद त्यांनी स्वतःकडे घेतले नाही. ते माखनलाल चतुर्वेदी या तरुणाकडे सोपविले गेले आणि पुढे ते हिंदीतील श्रेष्ठ कवी ठरले. असहकाराच्या पर्वात, १९२१ मध्ये, रायपूरच्या राष्ट्रीय विद्यालयाच्या उभारणीत माधवराव अग्रभागी होते. स्नेही वामनरावांनीही त्याच काळात सरकारने दिलेली पदवी परत केली. १९२४ मध्ये देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद माधवरावांना लाभले. एका मराठी भाषकाचा हिंदी जगताने केलेला हा गौरव होता. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले. भोपाळ येथे १९८४ मध्ये स्थापन झालेले समाचारपत्र संग्रहालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

मुलांना मराठी शाळेत घालताना पालकांच्या मनात आजही एक शंका येते. या शिक्षणामुळे मुलांच्या संधी कमी तर होणार नाहीत ना? माधवरावांचे चरित्र या शंकेचे एक उत्तर आहे. हिंदीची सेवा करताना त्यांनी मराठी सोडली नाही. उलट समर्थ, टिळक आणि वैद्य यांचे ग्रंथ मुळातून वाचता येत असल्यामुळेच हिंदीला देण्यासारखे धन त्यांच्यापाशी होते. घरची भाषा हे त्यांचे भांडवल होते आणि भोवतालची भाषा हे कार्यक्षेत्र.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी संधी साधल्या असतील. काहींच्या हातून एखादी मोलाची संधी सुटली असेल आणि ती खंत वर्षानुवर्षे मनात सलत असेल. माधवरावांनी तहसीलदारी सोडली, ती समजून उमजून. तुरुंगातील धैर्याचा क्षण मात्र त्यांच्या हातून निसटला आणि तो पुन्हा कधीच आला नाही. तथापि त्यानंतरची सुमारे अठरा वर्षे त्यांनी ज्या निष्ठेने वेचली, त्यांतूनच त्यांचे चिरस्थायी कार्य उभे राहिले. सप्रे शाळेच्या मैदानावरून जाताना या माणसाचे एवढे स्मरण राहिले, तरी पुरे.