'शिक्षा' आणि 'शिक्षण': शिकवण्याच्या शब्दांत छडी कुठून आली? (थ्रेड)

१/ संसदेने २००९ साली बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा केला. हिंदीत त्याला सर्रास 'शिक्षा का अधिकार' म्हणतात. मराठी माणसाने हे शब्द जसेच्या तसे उचलले, तर अर्थ होईल मारण्याचा अधिकार! गंमत अशी, की याच कायद्याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली आहे. एकच संस्कृत शब्द दोन शेजारी भाषांत इतका वेगळा का झाला?

२/ आरंभ मुळापासून. 'शक्' म्हणजे समर्थ असणे. 'शक्ती' आणि 'शक्य' त्यातूनच आले. भाषाशास्त्रज्ञांच्या मते या धातूचे इच्छादर्शक रूप म्हणजे 'शिक्ष्', अर्थात समर्थ होऊ इच्छिणे. आपले 'शिकणे' प्राकृतातील 'सिक्ख'मार्गे येथूनच आले. म्हणजे मुळात हा शब्द शिकणाऱ्याचा आहे, शिकवणाऱ्याचा नव्हे. हे मला फार महत्त्वाचे वाटते.

३/ वेदांगांत 'शिक्षा' हे उच्चारशास्त्राचे नाव आहे. तैत्तिरीय उपनिषदाचा पहिला भाग 'शीक्षावल्ली' म्हणून ओळखला जातो, आणि त्याचा आरंभ वर्ण, स्वर, मात्रा यांच्या विचाराने होतो. तेथे छडीचा मागमूस नाही.

४/ दुसरा धातू 'शास्'. शिष्य, शास्त्र, शासन, अनुशासन हे सारे त्याचेच कुटुंब. बुद्धाला पालीत 'सत्था' म्हणजे शास्ता म्हणतात, आणि त्याच्या उपदेशाला 'सासन'. तिकडे राजाच्या दानपत्रालाही 'शासन'च म्हणत. ताम्रपटांच्या अभ्यासकांना 'ताम्रशासन' हा शब्द परिचित आहे. गुरूचा उपदेश आणि राजाची आज्ञा एकाच शब्दात नांदत होती. आज 'कडक शासन करा' म्हटले, की उपदेश कोणालाच आठवत नाही.

५/ धर्मशास्त्रात अपराध्याला देण्याच्या शिक्षेसाठी नेहमीचा शब्द 'दंड'. मराठीत मात्र 'दंड' आकसत जाऊन पैशांपुरता उरला. रिकाम्या झालेल्या जागेवर 'शिक्षा' येऊन बसली असावी, असा माझा तर्क. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) 'शिक्षा' या शब्दाखाली शिकवणे आणि दंडणे हे दोन्ही अर्थ आहेत.

६/ त्या काळचा शिकवणारा म्हणजे 'पंतोजी'. 'पंत' हे 'पंडित'चे झिजलेले रूप, त्याला आदराचा 'जी'. एखाद्याच्या ओसरीवर किंवा देवळात शाळा भरे. धूळपाटीवर अक्षरे, मग मोडीचे वळण आणि पाढे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. ज्यांनी कॅल्क्युलेटरवाचून एकही बिल जुळवलेले नाही, त्यांनी (माझ्यासह) क्षणभर नतमस्तक व्हावे. चुकलेल्याला अंगठे धरून उभे राहावे लागे, नाहीतर छडी.

७/ या छडीमागे जातही होती. जोतीराव फुले यांच्या १८६९ च्या पोवाड्याचे नावच 'विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी' असे आहे. खाते सरकारी झाले, पगार सरकारी झाला, तरी शिकवणारा जुनाच राहिला आणि शूद्र मुलांशी दुजाभावाने वागत राहिला, हा त्यांचा आक्षेप. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी मागणी केली, की प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत. प्रसंगी नांगर धरण्याची ज्यांना लाज वाटणार नाही, असे. 'पंतोजी' हा व्यवसायवाचक शब्द जातवाचकही होता, हे फुल्यांच्या शीर्षकाइतके नेमके क्वचितच कोणी दाखवले असेल.

८/ पोवाड्याच्या शीर्षकात 'विद्याखाते' आहे, हेही ध्यानात घ्या. पुढे 'शिक्षण' आणि 'शिक्षक' रुळले आणि 'पंतोजी' हळूहळू थट्टेचा शब्द झाला. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१९ साली भाऊराव पाटलांनी 'रयत शिक्षण संस्था' स्थापली. 'रयत' आणि 'शिक्षण' हे शब्द शेजारी येणे, ही फुल्यांच्या मागणीची पुढची पायरी होती.

९/ 'अनुशासना'चा हिशेब मात्र १९७५ सालापर्यंत चुकता व्हायचा होता. आणीबाणीत वर्ध्याजवळच्या पवनार आश्रमात विनोबा भावे मौनात होते. त्यांनी 'अनुशासन पर्व' असे शब्द वापरले आणि सरकारने ते घोषवाक्य करून भिंतींवर लावले. वाचणाऱ्याने अर्थ घेतला: शिस्त, गप्प बसा.

१०/ महाभारतातील अनुशासनपर्वात असते काय? शरशय्येवरच्या भीष्माने युधिष्ठिराला केलेला उपदेश. डिसेंबर १९७५ मध्ये मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला, की शासन सत्तेचे असते, अनुशासन आचार्यांचे. पण तोवर भिंती रंगून झाल्या होत्या. त्यांनी आधीच बोलायला हवे होते का, यावर आमच्या वर्गात दोन तास वाद झाला होता. तुमचे मत खाली लिहा.

११/ अरबीत शिकवणे या अर्थाचा 'तालीम' आणि फारसीतील गुरू 'उस्ताद' मराठीत येऊन थेट लाल मातीत, कुस्तीच्या आखाड्यात कसे उतरले, ते पुढच्या थ्रेडमध्ये.