लोणार सरोवरातील क्षार
लोणार सरोवरातील क्षार : महाराष्ट्र राज्याच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील खाऱ्या व तीव्र अल्कधर्मी सरोवरात साचणारी लवणे. बेसाल्ट खडकातील सु. १·८ किमी. व्यासाच्या विवरात हे सरोवर आहे. हे विवर ज्वालामुखीजन्य असावे, असे दीर्घकाळ मानले जाई. तथापि आघाताने काचरूप झालेले फेल्स्पार येथे आढळल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले व उल्कापाताचे मत ग्राह्य ठरले.

सरोवरात पावसाचे व धारेसारख्या झऱ्यांचे गोडे पाणी येते. मात्र बाहेर जाण्यास प्रवाह नाही. खडकाच्या झिजेतून सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट पाण्यात उतरतात. बाष्पीभवनाने पाणी संहत होऊ लागताच कॅल्शियमाचा अवक्षेप कॅल्साइटच्या रूपाने प्रथम पडतो. समुद्रात कॅल्शियम कार्बोनेटांपेक्षा विपुल असल्याने पाण्याचे पीएच मूल्य सु. ८ राहते, लोणारला बायकार्बोनेट अधिक असल्याने कॅल्शियम आधी संपते आणि सोडियमाची कार्बोनेटे व क्लोराइड उरतात. त्यामुळे तेथील पीएच मूल्य १० च्या आसपास असते.

या क्षारांचे आर्थिक महत्त्व जुने आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या आईन-इ-अकबरी या ग्रंथात वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणार परिसरात काच व साबणासाठी लागणारी द्रव्ये मिळत असल्याची नोंद आहे. उन्हाळ्यात पाणी आटले, की काठावरील थर गोळा करीत. स्वरूप व घटक यांनुसार डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी असे त्यांचे प्रकार मानीत. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये सरोवराची नोंद केली.

तळगाळातील खनिजे हा पर्जन्याचा इतिहासही ठरला आहे. पाणी अतिशय आटले असतानाच तयार होणाऱ्या गेलुसाइटच्या स्फटिकांवरून सु. ४,६०० ते ३,९०० आणि सु. २,००० ते ६०० वर्षांपूर्वी दीर्घ अवर्षणे झाल्याचा निष्कर्ष २०१४ मध्ये मांडण्यात आला. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले. त्याचे कारण लवणप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला आढळले.

सरोवर परिसर २००० मध्ये अभयारण्य झाला व २०२० मध्ये रामसर यादीत आला. मात्र केवळ सीमा आखून सरोवराचे रक्षण होत नाही. येणारे पाणी व बाष्पीभवन यांच्या समतोलावर येथील अल्कता अवलंबून आहे. गोडे पाणी वा वस्तीचे सांडपाणी अधिक मिसळल्यास ती उतरते आणि तिच्यावर पोसलेली जीवसृष्टी पालटते.