शब्दांच्या आठ जाती कुठून आल्या

आर्वी तालुक्यातल्या रोहण्यापासून मुंबईपर्यंत मराठी शाळांतली मुले शब्दांच्या आठ जाती एकाच क्रमाने पाठ करतात: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि मग चार अव्यये. नावे संस्कृत असल्यामुळे ही मांडणीही पाणिनीकडून आली असावी, असा समज सहज होतो. पण यास्काने निरुक्तात पदांचे चारच प्रकार सांगितले आहेत: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. पाणिनीला तर सुबन्त (विभक्तीचे प्रत्यय लागलेली पदे) आणि तिङन्त (क्रियापदाचे प्रत्यय लागलेली पदे) एवढे दोनच भाग पुरले. आठांची मोजणी ग्रीकांची. ती लॅटिनमार्गे इंग्रजीत गेली आणि इंग्रजी राजवटीत शिकलेल्या व्याकरणकारांनी ती मराठीत आणली. विल्यम केरीचे मराठी व्याकरण 1805 साली बंगालमधल्या श्रीरामपूरला छापले गेले होते, पण ते इंग्रजीत होते. मराठी माणसाने मराठीत लिहिलेले आणि शाळांत रुजलेले व्याकरण म्हणजे दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे, 1836 सालचे.

म्हणून दादोबांवर परकीय साच्याचा आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘शालापत्रका’त त्यांच्या व्याकरणाची कसून चिकित्सा केली, ते निबंध पुढे 1893 मध्ये पुस्तकरूपाने आले. तरीही माझ्या मते इंग्रजी आराखड्याने मराठीचे जितके नुकसान केले असे मानले जाते, तितके केलेले नाही; काही ठिकाणी त्याने मदतच केली. विशेषणाचेच पाहा. संस्कृतात विशेषण नामाच्याच विभक्ती घेते, त्यामुळे त्याची वेगळी जात मानायचे कारण पडत नाही. मराठीत ‘चांगला मुलगा’ आणि ‘चांगल्या मुलाला’ म्हणतात. ‘ला’ फक्त मुलाला लागतो, विशेषण नुसते रूप बदलून थांबते. इथे स्वतंत्र जात हवीच होती. जिथे आराखडा बसत नव्हता तिथे तो वाकवलाही गेला. इंग्रजीतला संबंध दाखवणारा शब्द नामाच्या आधी येतो, तर ‘घरावर’, ‘झाडाखाली’ यांत तो मागून, नामाच्या सामान्यरूपाला जोडून येतो. त्याला शब्दयोगी अव्यय म्हणणारा माणूस डोळे मिटून नक्कल करत नव्हता. लिंडले मरेच्या 1795 च्या इंग्रजी व्याकरणात नऊ जाती होत्या, कारण त्यात उपपद वेगळे धरले होते. मराठीत त्याला जागाच नव्हती. प्रयोगांचेही तसेच. ‘रामाने आंबा खाल्ला’ या वाक्यात क्रियापद आंब्याच्या मागे जाते, रामाच्या नाही. इंग्रजीच्या दोन प्रयोगांत हे बसवता आले नसते, म्हणून कर्तरी, कर्मणी, भावे ही आपली त्रयी कायम राहिली.

खरा ताण पडला तो विभक्तीवर, आणि तो संस्कृतचा. शालेय कोष्टकात द्वितीया आणि चतुर्थी दोन्हींपुढे ‘स, ला, ते’ असतात. प्रत्यय तेच, नावे दोन. कारण संस्कृतात विभक्ती तेवढ्या आहेत. कोणी म्हणेल की प्रत्यय सारखा असला तरी अर्थ वेगळा असतो, म्हणून भेद हवा. पण अर्थ सांगायला कारक ही वेगळी कल्पना संस्कृत व्याकरणातच आहे. विभक्ती हे रूपाचे नाव आहे आणि रूप एकच असेल तर घर एकच पुरते. वऱ्हाडी बोलीने याचा पुरावा आणखी स्पष्ट होतो. वर्धा-आर्वीकडे ‘मले भूक लागली’ आणि ‘त्यानं मले पाह्यलं’ या दोन्ही वाक्यांत ‘मले’ एकच. हा ‘ले’ कोष्टकात नाही, आणि तो बोलणाऱ्या मुलाला घरच्या एका रूपाऐवजी आधी प्रमाण प्रत्यय आणि मग त्याची दोन नावे शिकावी लागतात. 1911 साली मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले आणि चर्चेची पातळी बरीच उंचावली. पुढे अरविंद मंगरूळकरांनी सगळ्या परंपरेचाच पुनर्विचार मांडला. पण परकीय म्हणून ज्या आराखड्यावर सर्वांची नजर होती त्याची जितकी उलटतपासणी झाली, तितकी आपला म्हणून स्वीकारलेल्या विभक्तीच्या कोष्टकाची शाळेत अजून झालेली नाही.