सुवाह्य मापन-उपकरणे आणि त्यांची बॅटरी : निकेल-कॅडमियमपासून लिथियमपर्यंत

प्रस्तावना :

तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोध, संशोधक आणि यंत्रे यांची नोंद विपुल आढळते. यंत्राच्या पोटातील बॅटरीची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. वास्तविक सुवाह्य, म्हणजे सहज उचलून नेता येणाऱ्या, उपकरणाचे आयुष्य बहुतांशी तिच्यावरच अवलंबून असते. उपकरणातील ट्रान्झिस्टर व रोधक अनेक दशके टिकू शकतात, बॅटरी काही वर्षांतच निकामी होते. अशा जुन्या उपकरणात आज लिथियमची बॅटरी बसविणे म्हणजे केवळ सुटा भाग बदलणे आहे काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात १९६० सालच्या एका ऑसिलोस्कोपच्या आधारे केला आहे.

सुवाह्यतेचा प्रारंभ :

ऑसिलोस्कोप हे विद्युतसंकेताचा आकार पडद्यावर दाखविणारे उपकरण होय. अमेरिकेतील ओरेगन राज्यात, पोर्टलंड येथे १९४६ साली हॉवर्ड व्होलम, जॅक मर्डॉक प्रभृतींनी स्थापन केलेली टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी या क्षेत्रात अग्रगण्य ठरली. तिचे प्रारंभीचे ऑसिलोस्कोप निर्वात नलिकांवर चालत. या नलिका तापविण्यासाठीच पुष्कळ वीज खर्ची पडे. त्यामुळे ते प्रयोगशाळेतील मेजाला जखडलेले असत. १९४७ साली बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि ही अडचण दूर होण्याचा मार्ग खुला झाला. १९६० साली आलेला ‘टाइप ३२१’ हा मुख्यतः ट्रान्झिस्टरवर आधारित ऑसिलोस्कोप दिव्याच्या विजेवर चाले, तसाच विजेरीत वापरतात त्या ‘डी’ आकाराच्या दहा घटांवरही चाले. बाहेरून ११.५ ते ३५ व्होल्टपर्यंतचा एकदिश दाबही त्याला चालत असे. मापन आता प्रयोगशाळेबाहेर, यंत्र जेथे बंद पडले तेथे, जाऊन करणे शक्य झाले.

निकेल-कॅडमियमचे युग :

साधे कोरडे घट एकदा संपले की टाकून द्यावे लागतात. म्हणून सुवाह्य उपकरणांत पुनःपुन्हा चार्ज होणारा निकेल-कॅडमियम घट रूढ झाला. स्वीडनचे वाल्देमार युंगनर यांनी १८९९ साली हा घट शोधला. चार्जिंगच्या अखेरीस त्यात वायू निर्माण होत असल्याने तो पूर्ण बंदिस्त करता येत नव्हता. १९४७ साली जॉर्ज नॉयमन यांनी हा वायू घटातच शोषला जाईल अशी रचना सिद्ध केली आणि बंदिस्त घट व्यवहारात आला.

या गुणधर्माचा परिणाम उपकरणांच्या रचनेवर झाला. घट पूर्ण भरल्यावरही क्षमतेच्या सुमारे एक-दशांश एवढा मंद प्रवाह त्याला सहन होतो. त्यामुळे एक ट्रान्सफॉर्मर, एक डायोड आणि प्रवाह मर्यादित ठेवणारा एक रोधक एवढ्यावर चार्जर तयार होई. भरून झाल्यावर प्रवाह थांबविण्याची सोय त्यात बहुधा नसे, कारण तशी गरजच नव्हती. अर्थात, चार्जरच्या मंडलात एका विशिष्ट रसायनावरील विश्वास गृहीत धरलेला होता.

ऱ्हास आणि निर्बंध :

कालांतराने या घटांच्या सीलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरते आणि आजूबाजूचे संपर्कबिंदू व तांब्याच्या वाहिन्या खाऊन टाकते. दुसरा दोष कॅडमियमच्या विषारीपणाचा आहे. जपानमधील जिन्झू नदीच्या खोऱ्यातील ‘इताई-इताई’ या वेदनादायी अस्थिविकाराचे कारण खाणीतून पाण्यात मिसळलेले कॅडमियम असल्याचे तेथील शासनाने १९६८ साली मान्य केले. युरोपीय संघाने २००६ च्या निर्देशाद्वारे सुवाह्य बॅटऱ्यांतील कॅडमियमवर, काही अपवाद वगळता, कठोर मर्यादा घातली. जुन्या उपकरणांना पर्यायी रसायन शोधणे त्यामुळे अधिकच आवश्यक झाले.

लिथियमचा पर्याय :

१९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियम घटाचा पाया घातला. १९८० साली जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडचा धनाग्र सुचविला आणि १९८५ साली अकिरा योशिनो यांनी व्यवहार्य घट सिद्ध केला. १९९१ साली सोनी कंपनीने तो बाजारात आणला. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९७ साली अक्षय पाधी, के. एस. नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांच्या शोधनिबंधाने लिथियम आयर्न फॉस्फेट हा अधिक स्थिर पर्याय पुढे आणला.

या घटांचा स्वभाव मात्र भिन्न आहे. त्यांना आरंभी स्थिर प्रवाह व नंतर स्थिर दाब द्यावा लागतो आणि भरल्यावर प्रवाह थांबवावाच लागतो. जुन्या चार्जरचा अखंड प्रवाह त्यांना मिळत राहिल्यास घट तापून पेट घेण्याचा धोका संभवतो. एका रसायनाबाबत रास्त असलेला विश्वास दुसऱ्याबाबत घातक ठरतो तो असा.

टाइप ३२१ चे उदाहरण :

निकेल-कॅडमियमचे दहा घट प्रत्येकी १.२ व्होल्टप्रमाणे १२ व्होल्ट देतात, तर दहा ताजे कोरडे घट १५ व्होल्ट. सामान्य लिथियम-आयन घट पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. असे तीन घट जोडल्यास १२.६ व्होल्ट मिळतात. परंतु बरीच ऊर्जा शिल्लक असतानाच दाब ११.५ व्होल्टच्या खाली जातो. चार घट जोडल्यास दाब १६.८ व्होल्टपर्यंत, म्हणजे ताज्या कोरड्या घटांच्याही वर, जातो. लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार घट मात्र १२.८ व्होल्ट देतात. भरल्यावर त्यांचा दाब १४.६ व्होल्ट असतो आणि ११.५ व्होल्टपर्यंत उतरताना त्यांतील बहुतेक ऊर्जा वापरली जाते. मूळ रचनाकारांनी आखलेल्या मर्यादेत हा पर्याय चपखल बसतो.

याखेरीज घटांचा समतोल राखणारे व अतिचार्जिंग रोखणारे संरक्षक मंडल, तसेच फ्यूज आवश्यक असतो. चार्जिंग स्वतंत्र, योग्य चार्जरने करावे आणि जुने चार्जिंग मंडल नव्या घटांपासून वेगळे ठेवावे. मूळ तारा न कापता व घटपेटी न फोडता हे साधल्यास बदल पूर्ववत करता येतो. केलेल्या बदलाची लेखी नोंद उपकरणासोबत ठेवणेही तितकेच महत्त्वाचे आहे. अन्यथा पुढील वापरकर्ता जुन्या माहितीपुस्तिकेवर विसंबून नवी बॅटरी जुन्या चार्जरला जोडण्याचा संभव राहतो.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसते की, जुन्या उपकरणाचे मंडल हाही एक ऐतिहासिक दस्तऐवज असून बॅटरी बदलणाऱ्यास तो प्रथम वाचावा लागतो. त्यातील गृहीत ओळखल्याशिवाय केलेली दुरुस्ती उपकरण व वापरकर्ता दोहोंनाही धोक्यात आणते. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमाने सुवाह्य उपकरणातील बॅटरी वापरकर्त्यास काढता-बदलता यावी अशी तरतूद केली आहे. १९६० साली विजेरीचे घट स्वीकारणाऱ्या उपकरणात ही सोय मुळातच होती, ही बाब लक्षणीय आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या जडवस्तू नोंदवहीतून एखादे उपकरण निर्लेखित करण्यापूर्वी ते स्वतः निकामी झाले आहे की केवळ त्याची बॅटरी, एवढे तपासून पाहणे त्यामुळेच अगत्याचे ठरते.