मैदानाच्या कडेची मुलगी

भिन्न जगांत वाढलेल्या दोन जीवांनी एकमेकांकडे ओढले जावे, हा साहित्यातील फार जुना विषय होय. मृगयेच्या नादात आश्रमापर्यंत येऊन पोचलेला राजा आणि वल्कले नेसून झाडांना पाणी घालणारी आश्रमकन्या यांची कथा आपल्यापैकी प्रत्येकाने वर्गात शिकवलेली आहे. अशा कथांत प्रेमाइतकेच महत्त्व भेटीच्या जागेला असते. ती दोघे कोठे भेटली, ती जागा कोणाची होती आणि तेथे कोणाला काय करण्याची मुभा होती, हे पाहिल्यावाचून कथेचा खरा अर्थ लागत नाही.

या दृष्टीने अमेरिकेतील एका लोकप्रिय कथाप्रकाराचा इतिहास आम्हांस विचारात घेण्याजोगा वाटतो. एक लहान गाव, गावची शाळा, शाळेच्या संघातील नामवंत खेळाडू आणि त्याच्याहून सर्वस्वी निराळ्या वळणाची मुलगी, एवढ्या सामग्रीवर तिकडे असंख्य कादंबऱ्या व चित्रपट उभे राहिले आहेत. समीक्षकांनी त्यांना किशोरांची करमणूक म्हणून बाजूस सारले, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते योग्यही झाले. तथापि विस्कॉन्सिन या एकाच राज्यात घडणाऱ्या दोन कादंबऱ्या, एक १९४२ ची व दुसरी २००६ ची, शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे चौसष्ट वर्षांत शाळेचे मैदान कसे बदलले याचा स्पष्ट आलेख हाती येतो.

अशी कथा लिहिली जाण्यापूर्वी अशी शाळा अस्तित्वात यावी लागते. १९१० साली अमेरिकेत माध्यमिक शाळेचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या तरुणांचे प्रमाण शेकडा ९ च्या आसपास होते. १९४० पर्यंत ते शेकडा ५० च्या घरात गेले. शेतकऱ्याचा, दुकानदाराचा आणि डॉक्टरचा मुलगा एका बाकावर आले, मुलीही त्याच इमारतीत आल्या. त्याच सुमारास गावांना एक सोयीचा खेळ मिळाला होता. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे दोन बाजूंना पीचच्या टोपल्या टांगून बास्केटबॉल सुरू केला. या खेळाला पाचच गडी पुरत आणि कडाक्याच्या थंडीत तो छपराखाली खेळता येई. साहजिकच लहानात लहान शाळेलाही आपला संघ उभारता आला. १९५४ साली इंडियाना राज्यातील मिलान या खेड्याच्या, अवघ्या १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेने मन्सी शहराच्या बलाढ्य शाळेला ३२ विरुद्ध ३० अशा गुणांनी नमवून राज्याचे अजिंक्यपद मिळवले. ज्या गावाचे नाव नकाशावर शोधावे लागे, ते एका रात्रीत राज्याच्या तोंडी झाले.

याच मन्सी शहराचा अभ्यास करून रॉबर्ट व हेलन लिंड या दांपत्याने १९२९ साली ‘मिडलटाउन’ हा प्रसिद्ध ग्रंथ लिहिला होता. शाळेचा बास्केटबॉल संघ हा त्या शहरातील निष्ठेचा केवढा मोठा विषय झाला होता, हे त्यांनी त्यात नोंदवले आहे. पुढे समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी इलिनॉय राज्यातील दहा शाळांची पाहणी करून १९६१ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आपली आठवण शाळेत कोणत्या नात्याने राहावी, या प्रश्नाला मुलांनी हुशार विद्यार्थी म्हणून राहावी यापेक्षा उत्तम खेळाडू म्हणून राहावी, असे उत्तर अधिक दिले. गावाने प्रतिष्ठेचे जे माप ठरवले होते तेच मुलांनी उचलले, यात नवल नाही.

मुलींना मात्र हे माप बहुतेक ठिकाणी उपलब्धच नव्हते. त्यांच्या वाट्याला प्रेक्षकांची बाके आली, किंवा फार तर संघाच्या नावाने जयघोष करण्याचा मान आला. तेव्हा खेळाडू मुलगा आणि निराळी मुलगी हा विरोध स्वभावाचा म्हणून रंगवला गेला, तरी त्याची आखणी बरीचशी मैदानाच्या चुनखडीच्या रेषेने केलेली होती.

मॉरीन डेली यांची ‘सेव्हन्टीन्थ समर’ ही कादंबरी १९४२ साली प्रसिद्ध झाली तेव्हा लेखिकेचे वय एकवीस वर्षांचे होते. आयर्लंडमध्ये जन्मलेली ही मुलगी विस्कॉन्सिनमधील फाँ दू लॅक या गावी वाढली आणि महाविद्यालयात शिकत असताना तिने आपल्याच गावावर ही कथा लिहिली. गावाच्या फ्रेंच नावाचा अर्थ तळ्याचे टोक असा आहे. विनेबेगो सरोवराच्या दक्षिण टोकाला ते वसले आहे. कथानायिका अँजी मॉरो ही मुलींच्या निराळ्या शाळेत शिकलेली, घरात नीटनेटक्या चालीरीतींत वाढलेली. जॅक डुलुथ हा पावभट्टीवाल्याचा मुलगा, सार्वजनिक शाळेच्या बास्केटबॉल संघातील लोकप्रिय खेळाडू. जून ते ऑगस्ट एवढाच कथेचा काळ.

या कादंबरीतील एक प्रसंग लक्षात राहण्यासारखा आहे. जॅक अँजीच्या घरी जेवावयास येतो आणि खाताना त्याच्या चमच्याचा दातांवर आवाज होतो. एवढ्याशा आवाजाने अँजी शरमून जाते. गावभर ज्याचा बोलबाला, तो तिच्या घरच्या मेजाशी उणा ठरतो. वर्गभेदावर पानेच्या पाने लिहूनही जे साधत नाही, ते लेखिकेने एका चमच्याच्या आवाजात साधले आहे. उन्हाळा सरतो, जॅकचे कुटुंब ओक्लाहोमाला जाण्यास निघते आणि अँजी शिक्षणासाठी शिकागोची गाडी धरते. तिचे पुढचे आयुष्य पुस्तकांच्या दिशेने जाते. खेळ हा जॅकच्या आयुष्याचा भाग आहे. अँजीला खेळावेसे वाटेल काय, हा प्रश्न कादंबरीला पडत नाही, आणि त्या काळच्या वाचकालाही तो पडला नसावा. पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

त्या काळी खेड्यातल्या मुली खेळतच नव्हत्या असा मात्र ग्रह करून घेऊ नये. विस्कॉन्सिनला लागून असलेल्या आयोवा राज्यात १९२० पासून मुलींच्या बास्केटबॉलच्या राज्यस्पर्धा भरत होत्या. मुलींनी प्रेक्षकांपुढे चढाओढीने खेळणे बरे नव्हे, असा आक्षेप १९२५ साली शिक्षकवर्गातून आला, तेव्हा लहान गावांच्या शाळांनी आपली निराळी संघटना काढून स्पर्धा चालू ठेवल्या. त्यांचा खेळ प्रत्येकी सहा गड्यांचा होता. तिघींनी चढाई करावी, तिघींनी बचाव, आणि मधली रेषा कोणी ओलांडू नये, असा नियम असे. ही पद्धत तेथे १९९३ पर्यंत टिकली. शेतावर घाम गाळणाऱ्या मुलीला धावणे झेपणार नाही, हे खेड्यातल्या बापांना पटण्यासारखे नव्हते. सुशिक्षितांना मात्र ते पटत होते. शिक्षकवर्गाने ही गोष्ट विसरू नये.

पुढे २३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सहीने एक शिक्षणविषयक कायदा अमलात आला. त्याचे नववे कलम ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखले जाते. सरकारी साहाय्य घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत स्त्री व पुरुष असा भेद केला जाऊ नये, एवढेच ते कलम सांगते. त्यात खेळाचा शब्दही नाही. तथापि मैदान हा शाळेचाच भाग आहे, हे मान्य होताच परिणाम दिसू लागला. १९७१–७२ साली शालेय संघांतून खेळणाऱ्या मुली तीन लाखांहूनही कमी होत्या, मुले मात्र छत्तीस लाखांहून अधिक होती. २००६ च्या सुमारास मुलींचा आकडा तीस लाखांच्या जवळ पोचला.

त्याच २००६ साली कॅथरीन गिल्बर्ट मर्डॉक यांची ‘डेअरी क्वीन’ ही कादंबरी आली. डी. जे. श्वेंक ही पंधरा वर्षांची मुलगी विस्कॉन्सिनमधील रेड बेंड या कल्पित गावी राहते. वडिलांना दुखापत झालेली, फुटबॉल गाजवलेले दोघे थोरले भाऊ बापाशी भांडून दूर गेलेले. गाईगुरांचे सारे काम तिच्यावर पडते आणि त्यापायी शाळेत ती इंग्रजी विषयात नापास होते. या घरच्या गाईंना नावेसुद्धा फुटबॉलपटूंची दिलेली आहेत. शेजारच्या हॉली गावच्या, म्हणजे वैरी संघाचा ब्रायन नेल्सन हा क्वार्टरबॅक, चढाईची सूत्रे हलवणारा गडी, मेहनतीची सवय लागावी म्हणून या शेतावर पाठवला जातो, आणि त्याला खेळासाठी तयार करण्याची कामगिरी डी. जे. पत्करते. तो बोलका, ती अबोल. त्याच्या घरी मनातले उघड बोलण्याची रीत, हिच्या घरी सगळे मुके. तू गाईसारखी आहेस, सांगितलेले काम निमूट करतेस, असे तो तिला एकदा म्हणून जातो. तो शब्द तिला जिव्हारी लागतो आणि विचार करावयास लावतो. अखेर ती मुलांच्या फुटबॉल संघात दाखल होते व ब्रायनच्याच संघासमोर उभी राहते.

दोन्ही पुस्तकांत एकाच उन्हाळ्याचा अवकाश आहे, तेच राज्य आहे, तशीच भिन्न वळणाची दोन मुले आहेत. पहिल्यात मुलगी आपल्या घरच्या मेजावरून खेळाडूची पारख करते. दुसऱ्यात ती त्याला खेळ शिकवून मैदानावर त्याची गाठ घेते. डेली यांची प्रतिभा कमी होती म्हणून अँजी मैदानाच्या कडेला राहिली, असे कोणी म्हणणार नाही. मधल्या काळात एक दार उघडले गेले होते, आणि कल्पनाशक्तीलाही दार उघडे असावे लागते.

मराठी वाचकाला येथे नागराज मंजुळे यांच्या २०१६ मधील ‘सैराट’ या चित्रपटाची आठवण होणे स्वाभाविक आहे. परश्या हा गावच्या क्रिकेट संघाचा कप्तान, मासेमारी करणाऱ्या घरातला. आर्ची ही बड्या पुढाऱ्याची मुलगी, बुलेट व ट्रॅक्टर चालवणारी. परश्याच्या फलंदाजीला टाळ्या वाजवणारा गाव त्याला आर्चीशेजारी उभा राहू देत नाही. विस्कॉन्सिनमध्ये चमच्याच्या आवाजावर निभावले. येथे दोघांचे प्राण गेले. मैदानावर मिळालेली बरोबरी मैदानाबाहेर टिकत नाही, हे आपल्याकडील कटू सत्य त्या चित्रपटाने झाकून ठेवले नाही.

म्हणूनच ही चर्चा आम्ही शिक्षकांपुढे ठेवीत आहोत. गावातील विवाहाचे नियम बदलणे शाळेच्या हाती नाही, जातीचे गड एका घंटेत ढासळत नाहीत. पण सायंकाळी मैदानावर कोणी उतरावे, हे ठरवणे मात्र शाळेच्या हाती आहे. आपल्या पुष्कळ शाळांत खेळाच्या तासाला मुले चेंडूमागे धावतात आणि मुली भिंतीच्या सावलीत दप्तरे राखीत बसतात. त्यांतल्या एखादीच्या हाती उद्या लेखणी येईल. ती काय लिहील याचा पुष्कळसा निर्णय त्या तासाला, आपल्या डोळ्यांदेखत, होत असतो.