गोदंती

जिप्समचा शुभ्र, रेशमी चकाकीचा प्रकार. रासायनिकदृष्ट्या सजल कॅल्शियम सल्फेट. मुंबईजवळचा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा दख्खनच्या काळ्या बेसाल्टचा. गोदंती मात्र इथे बाहेरून येते. देशातील जिप्समचे मोठे साठे राजस्थानात आहेत. या पट्ट्याजवळच पनवेलला १८७२ मध्ये धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना निघाला.

वैद्य गोदंती लिंबाच्या रसात शुद्ध करून, कोरफडीच्या रसाची भावना देऊन (त्या रसात खलून) पुटात, म्हणजे गोवऱ्यांच्या आचेत, भाजतात. उष्णतेने स्फटिकातील पाणी निघून जाते व ठिसूळ पांढरे भस्म उरते. ते ताप, डोकेदुखी व श्वेतप्रदरावर देतात. पावसाळ्यात या पट्ट्यात येणारा ताप हिवताप, डेंग्यू वा लेप्टोस्पायरोसिसचाही असू शकतो. रक्ततपासणी टाळून भस्मावर विसंबणे धोक्याचे.

चिनी वैद्यकात हेच खनिज ‘शी गाव’. तीव्र तापावरील प्राचीन ‘पांढऱ्या वाघाच्या काढ्या’त ते ज्येष्ठमध व तांदळासह उकळतात. लक्षणीय भेद असा, की तिथे पोटात कच्चे खनिज देतात आणि भाजलेली पूड जखमांवर, इसबावर भुरभुरतात. आयुर्वेदात भाजलेलेच पोटात जाते.