बैलगाडीचे चाक
बैलगाडीचे चाक : गाडीचा भार जमिनीवर पेलणारा व आसाभोवती फिरणारा भाग. रस्ता, जमीन, माल व बैलजोडीची ताकद यांना अनुसरून हे चाक निवडावे लागते. त्यामुळे त्याच्या स्वरूपात झालेले बदल रस्त्यांच्या इतिहासाशी निगडित आहेत.

चाकाचा वापर इ. स. पू. सु. ३५०० पासून ज्ञात आहे. सिंधू संस्कृतीच्या स्थळी भाजक्या मातीच्या खेळण्यातील गाड्या व चाके विपुल मिळाली आहेत. महाराष्ट्रात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये धातूच्या चार जड वस्तू सापडल्या. त्यांपैकी सु. ४५ सेंमी. लांबीचा रथ दोन बैल ओढीत असून त्याची चाके भरीव आहेत. या वस्तूंच्या काळाविषयी तज्ञांत मतभेद आहेत. भरीव चाक घडविण्यास सोपे व दणकट, पण फार जड असते. तुंबा, आरे व घेर असे वेगळे भाग जोडून केलेले चाक पुष्कळ हलके होते. मात्र त्याला निष्णात सुतार लागतो.

आऱ्यांचे चाक प्राचीन काळीच माहीत असूनही दख्खनच्या खेड्यांत ते सार्वत्रिक झाले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशात येथे गाड्याच थोड्या होत्या. धान्य, मीठ व कापूस यांची दूरची वाहतूक बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवरून करीत. ज्या गाड्या होत्या त्यांची चाके सबंध लाकडाची, क्वचित दगडाचीही असत व त्या ओढण्यास अनेक बैल जुंपावे लागत. यास शेतकऱ्याचे अज्ञान कारण होते, असे तत्कालीन इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणातून सुचविले जाते. ते पटण्यासारखे नाही. खडकाळ पायवाटा व बिनपुलांचे ओढे यांतून आऱ्यांचे चाक टिकले नसते आणि घाट चढणारा रस्ता नसताना गाडीत गुंतवणूक करण्यात अर्थही नव्हता. बोरघाटातून गाड्या जाण्याजोगा रस्ता १८३० मध्ये खुला झाला आणि परिस्थिती पालटली. गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर भागात जमीनमोजणीचे काम हाती घेतले, त्याच सुमारास (सु. १८३६) लेफ्टनंट गेसफर्ड यांच्या देखरेखीखाली जवळच्या टेंभुर्णी येथे सुधारलेल्या गाड्या बनविण्यास सुरुवात झाली. ही गाडी हलकी असून दोन बैलांना ओढता येई. पुढे तिचे अनुकरण गावोगावचे सुतार-लोहार करू लागले. नमुना सरकारी असला, तरी तो रुजला तो बलुतेदारांच्या हातून.

या परंपरागत चाकासाठी मुख्यतः बाभळीचे लाकूड वापरतात. ते कठीण व चिवट असून गावालगत सहज मिळते. तिवसाचे लाकूडही या कामी चांगले मानतात. घेरावर लोखंडी धाव चढविणे हा सर्वांत कौशल्याचा भाग होय. धाव चाकाच्या परिघापेक्षा किंचित लहान ठेवतात. ती गोवऱ्यांच्या वर्तुळाकार आगटीत तापवून फुगली की चाकावर बसवितात व लगेच पाणी ओततात. आकसणारी धाव घेराचे तुकडे, आरे व तुंबा यांना एकत्र आवळून धरते. धाव फार लहान झाली तर आरे वाकतात, मोठी झाली तर चाक खिळखिळे राहते. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव ढिली पडते, म्हणून शेतकरी चाके ओढ्याच्या पाण्यात भिजत ठेवीत. चाकाचा व्यास मोठा ठेवण्यास कारण आहे. मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते, दगडावर सहज चढते व आस चिखलापासून वर राहतो. काळ्या जमिनीच्या प्रदेशात याचे महत्त्व विशेष आहे.

मात्र हीच अरुंद धाव पक्क्या रस्त्याला घातक ठरली. सर्व भार लहानशा पृष्ठभागावर येत असल्याने खडीच्या रस्त्यावर चाकोऱ्या पडतात व डांबराचा थर कापला जातो. मोटारींची वाहतूक वाढल्यावर या प्रश्नाला तीव्रता आली. हवेच्या धावेचे पहिले एकस्व रॉबर्ट विल्यम टॉमसन यांना १८४५ मध्ये मिळाले होते; ती व्यवहारात आली ती जॉन बॉइड डनलॉप यांच्या १८८८ मधील प्रयत्नानंतर. भारतात बैलगाड्यांना रबरी टायर बसविण्यास १९३० नंतरच्या दशकात सुरुवात झाली. टायर व गोळ्यांचे धारवे (बेअरिंग) यांमुळे पक्क्या रस्त्यावर गाडी ओढण्यास लागणारा जोर बराच कमी होतो, हादरे कमी बसतात आणि रस्ताही वाचतो.

तरीही टायरने लाकडी चाक एकदम हटविले नाही. टायरची किंमत जास्त, बाभळीच्या काट्याने तो पंक्चर होतो आणि त्याची दुरुस्ती गावच्या सुताराच्या हातची नाही. शेताच्या बांधावरून जाणाऱ्या, वर्षातून थोडेच दिवस वापरल्या जाणाऱ्या गाडीला लाकडी चाकच परवडत असे. धावेवर रबरी पट्टी बसविण्याचा मधला मार्गही काही ठिकाणी अवलंबिला गेला. बंगलोरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७० नंतरच्या दशकात बैलगाडीच्या सुधारणेचा पाठपुरावा केला, तेव्हा चाकाबरोबरच बैलाच्या मानेवर येणारा भार व जुवाची रचना यांकडे त्यांनी लक्ष वेधले.

ही दृष्टी योग्य होती. महाराष्ट्रात प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला व पुढे अशा कारखान्यांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांच्या ऊसवाहतुकीत टायरगाडी रूढ झाली. अनेक ठिकाणी गाडी कारखान्याची व बैल तोडणी कामगाराचे अशी व्यवस्था असते. चाक सहज फिरते म्हणून ऊस अधिक भरला जातो. वाचलेला जोर बैलाच्या वाट्याला न येता वजनात जातो. उतारावर तर ब्रेक नसल्यास भरलेली गाडी पुढे रेटत येते व तिला रोखण्याचा ताण बैलांच्या मानेवर पडतो. लाकडी चाकाच्या गाडीत आसाचे घर्षणच काही अंशी रोधाचे काम करीत असे. टायर निवडताना त्याबरोबर रोधक बसविणे व भाराची मर्यादा पाळणे म्हणूनच आवश्यक असते.

ट्रॅक्टर व मालमोटारी यांच्या प्रसारामुळे बैलगाड्यांची संख्या घटली असून धाव चढविणारे कारागीर आता थोड्याच गावांत आढळतात.